केळीतले कपडे

आमच्या सावद्याकडे घरोघरी तीन तऱ्हेचे कपडे असतात: बाहेरचे, घरातले आणि केळीतले. केळीच्या चिकाचा डाग जात नाही. साबण लावा, लिंबू चोळा, ओलं असताना गेल्यासारखा वाटतो आणि वाळलं की पुन्हा तपकिरी होऊन हजर. म्हणून बागेत जायचं तर केळीतलेच कपडे घालायचे, ही आईची सक्ती. मागच्या दारामागे ओळीने खिळे ठोकले होते आणि प्रत्येकाचा खिळा ठरलेला होता. माझ्या खिळ्यावर आबांचा, म्हणजे वडिलांचा, जुना फुल बाह्यांचा शर्ट असे. शेतात बाया साडीवरून घालतात, तसला.

मे महिन्यात घरात पत्र्याखाली जीव नकोसा व्हायचा. जेवण झालं की मी शर्ट अंगात अडकवून घरामागच्या बागेत पळायचे. बाहेर डोळे उघडवत नाहीत असं ऊन आणि आत शिरलं की अंगाला गार ओल लागायची. वर पानाला पान भिडलेलं, त्यामुळे उजेडसुद्धा हिरवा. सुकल्या पानांच्या थरावर मी आडवी व्हायचे. आबा झाडांच्या बुडाशी फुटलेली पिलं कापत पुढे सरकायचे आणि मधूनच हाक द्यायचे, "झोपली का गं?" मी मुद्दाम उत्तर द्यायचे नाही. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणायचे, "झोपली बिचारी. आता हिच्या वाटचा आंबा मलाच खावा लागणार." मी ताडकन उठायचे.

जळगावला कॉलेजात गेले तरी सुट्टीत शर्ट माझाच होता. मग लग्न होऊन धुळ्याला आले, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत एक तुळस आणि कोपऱ्यावर एक सार्वजनिक बाग, तिथे 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी. आता सांगा, चालायचं नाही तर हिरवळ लावली कशाला? पण खोटं कशाला बोलू, त्या बागेने मला सांभाळलं. मुलं तिथेच पाय फुटून धावायला लागली. तिथल्या कडुनिंबांखाली मी कितीतरी संध्याकाळी नुसती बसून काढल्या आणि हलकी होऊन घरी गेले. त्या झाडांचे उपकार मी मानते.

आबा गेले, मग आईही गेली. घर धाकट्या भावाचं आणि भावजयीचं झालं. भावजय लाखात एक. मी गेले की नवी चादर, कूलर माझ्याकडे वळवलेला, "बसा ना अक्का, दमून आल्या असाल." मी बसायचे, शेवभाजी खायचे, साडी घेऊन परत यायचे. बागेत चला असं कुणी म्हणत नव्हतं. हिस्सा मला नकोच होता, तो मी हसत सोडला होता. पण बागेत शिरायला आता परवानगी लागते का, हे मला कळेना. विचारायचा धीर होत नव्हता. भाऊ "चल, दाखवतो" म्हणाला असता, आणि पाहुण्याला दाखवतात तशी बाग मला बघायची नव्हती. मागच्या दाराकडे तर मी फिरकतच नव्हते. माझा खिळा रिकामा दिसला असता तर मला सोसलं नसतं.

यंदा आखाजीला गेले. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, लेकी माहेरी येतात. मांडे आणि आमरस खाऊन सगळे आडवे झाले. मला झोप येईना. नव्या साडीत तशीच पुढून वळसा घालून मागे गेले आणि बांधावर उभी राहिले. आतली गार हवा तोंडावर आली. एक पाऊल टाकलं, तोच मागून भावजयीचा आवाज आला, "अक्का, आत जाऊ नका."

मी टाकलेलं पाऊल मागे घेतलं. झालं, म्हटलं, संपलं आपलं इथलं.

"या साडीत जाताय?" ती कमरेवर हात ठेवून उभी होती. "चिकाने वाटोळं होईल तिचं. दारामागे तुमचा शर्ट आहे ना, तो घाला आधी."

मी दारामागे गेले. आईचा आणि आबांचा खिळा रिकामा होता, भावाच्या खिळ्यावर त्याची पँट, शेजारी भावजयीचा गाऊन, आणि माझ्या खिळ्यावर माझा शर्ट, धुतलेला. दिवाळीला सगळ्यांचे केळीतले कपडे धुते त्यात तोही टाकते, असं ती सहज म्हणाली आणि आत गेली. मला रडू आलं. कुणी बघायला नव्हतं, तर रडून घेतलं.

साडीवर शर्ट चढवला, बाह्या खाली ओढल्या आणि बागेत शिरून पानांवर आडवी झाले. ठिबकच्या नळीतून पाणी झिरपत होतं. बऱ्याच वेळाने घरातून भावजयीची हाक आली, "अक्का, झोपल्या का? आंबे कापलेत."

मी मुद्दाम उत्तर दिलं नाही.