पर्यटनाच्या मॅडम

राजुरीच्या शाळेत अश्विनीला सगळे पर्यटनाच्या मॅडम म्हणत. गणिताच्या मॅडम असतात, इंग्रजीचे सर असतात, तशा या पर्यटनाच्या. सरकारनं नियम केला होता, की नववीपासून मुलांना एखादा व्यवसायाचा विषयही शिकता यावा. हवं तर एका भाषेच्या जागी तो घ्यावा. मग कुठल्या शाळेला शेती मिळाली, कुठल्या शाळेला गाड्यांची दुरुस्ती, कुठं ब्यूटी पार्लर. राजुरीच्या वाट्याला पर्यटन आलं. जुन्नर तालुक्यात किल्ले, लेणी आणि घाट इतके, की वरच्या साहेबांना दुसरं काही सुचलं नसावं.

शिकवणारी अश्विनी मात्र स्वतः फारशी कुठं गेलेली नव्हती. विमान तिनं आभाळातच पाहिलेलं. आळेफाट्याला नवरा गोरख ट्रकांच्या वायरिंगचं काम करायचा, त्याच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत ते राहत. नाशिकच्या, नगरच्या गाड्या दारावरून जायच्या, त्यांच्या पाट्या वाचत ती सकाळी शाळेच्या गाडीची वाट बघायची. पण पुस्तकातलं साधं वाक्यसुद्धा ती अशा काही सुरात वाचायची, की वर्गाला वाटावं, मॅडमनी सगळी दुनिया बघितलीय. 'पाहुणा दारात आला, की आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघावं, सामानाकडे नंतर,' असं ती वाचे आणि मध्येच थांबे. खिडकीबाहेर कांद्याच्या वाफ्यांत पाणी चमकत असे. तिची नजर त्या पाण्यावरून वाहत वाहत कुठंतरी निघून जाई. मुलं गप्प बसून राहत. त्यांना सवय झाली होती. मग पहिल्या बाकावरची आरोही हळूच विचारायची, "मॅडम, कुठं गेलात?" आणि अश्विनी हसून परत यायची.

ती कुठं जायची, हे तिनं शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं.

तिचे वडील यमाजी मेंढपाळ. बेल्ह्याच्या पलीकडं आणे घाट चढला की वर जे कोरडं पठार लागतं, तिथं त्यांची वस्ती. पावसाळाभर कळप पठारावर चरायचा आणि दिवाळी झाली, गवत वाळलं, की खाली नदीकाठच्या गावांकडं निघायचा. थेट अवसरी बुद्रुकपर्यंत. घोड्याच्या पाठीवर सगळा संसार: भांडी, वाकळा, खुराड्यातल्या कोंबड्या, नुकतं जन्मलेलं एखादं कोकरू, आणि त्याच्याशेजारी बांधून बसवलेली चार-पाच वर्षांची अश्विनी. तिची पहिली आठवण म्हणजे तो हलणारा घोडा आणि त्याच्या मानेच्या पलीकडून सरकत येणारा देश. पुढं आईनं हट्ट धरला आणि पोरीला मंचरच्या वसतिगृहात टाकलं. तिथल्या मुली तिला 'फिरस्ती' म्हणून चिडवायच्या. शब्द काही वाईट नव्हता, पण तो तिच्या मनात काट्यासारखा राहिला. कॉलेज झालं, पर्यटनाचा कोर्स झाला, एका एजन्सीमार्फत शाळेत नेमणूक झाली, तरी घोड्यावरच्या त्या पोरीला तिनं शाळेच्या फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. बोलणंही तिनं धुऊन-पुसून घेतलं होतं.

तिच्या दुसऱ्या वर्षी, पावसाळा सरता सरता, पालकांची सभा झाली. नियमातच असं होतं, की विषयाला पुरेशी मुलं नसतील तर तो दुसऱ्या शाळेला जाईल. आणि मुलं गळायला लागली होती, कारण संस्कृतला भरभरून मार्क पडतात हे गावात सगळ्यांना कळलं होतं. शाळेच्या समितीवर भिमाजी नावाचे जुने बागायतदार होते. आरोही त्यांचीच नात. मुख्याध्यापकांनी नियम वाचून दाखवला, व्यवसाय शिक्षणानं मुलं पायावर उभी राहतील असं सांगितलं. भिमाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पर्यटन म्हंजे फिरणं. आन फिरायला साळा कशाला लागती?"

सभा हसली. अश्विनीनं उत्तराची तयारी केली होती, रोजगाराचे आकडेही काढून ठेवले होते. पण 'फिरणं' हा शब्द ऐकला आणि तिच्या तोंडाला कुलूप लागलं. मुख्याध्यापकांनीच मग वेळ मारून नेली. पुढच्या आठवड्यात मुलांची क्षेत्रभेट आहे, आळेफाट्याच्या एका मोठ्या हॉटेलात. भिमाजींनी सोबत यावं, स्वतः बघावं आणि मग काय ते ठरवावं. भिमाजी बरं म्हणाले. कांदा वाहायच्या त्यांच्या दोन पिकअप मुलांसाठी द्यायलाही तयार झाले.

त्या दिवशी सकाळी धुकं पडलं होतं. गणवेशातली मुलं पिकअपमध्ये चढून बसली आणि हॉटेलवाल्याचा निरोप आला, की अचानक लग्नाची मोठी मंडळी उतरलीय, आज जमायचं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, मुलांना उतरवून घ्या. आरोही मॅडमकडं बघत राहिली. भिमाजी ड्रायव्हरशेजारी बसलेले होते. धुक्यात सडक दोन्ही बाजूंनी पुसली गेली होती, एक आळेफाट्याकडं जाणारी आणि एक बेल्ह्याकडं. अश्विनी त्या दुसऱ्या बाजूकडं बघत होती. आपण बोलतोय हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

"आण्याच्या घाटात जाऊ, सर. मी दाखवते."

घाटात गुळुंचवाडीजवळ ओढ्यानं खडक कोरून एक दगडी पूल करून ठेवला आहे. माणसाचा हात त्याला लागलेला नाही. सडकेवरून जाणाऱ्याला खाली असं काही आहे याचा पत्ताही लागत नाही. मुलांतली बरीचशी जत्रेला, लग्नाकार्याला त्या सडकेनं गेलेली, पण खाली कुणी उतरलं नव्हतं. अश्विनी त्यांना खाली घेऊन गेली. कमानीखाली गारवा होता. वरून थेंब पडत होते आणि प्रत्येक थेंबाचा आवाज भिंतीला लागून गोल होऊन परत येत होता. नेहमी कलकल करणारी पोरं कुजबुजत बोलायला लागली. एका मुलीनं खडकाला गाल लावून पाहिला. मग दुसरीनं. शेवटी भिमाजींनीही तळवा लावला आणि जरा वेळ तसाच ठेवला.

तिथून वर पठारावर जाणारी पायवाट होती. खरं तर वाट अशी दिसत नव्हती. तेरडा माजला होता, धुकं गुडघ्याशी घुटमळत होतं. अश्विनीनं वाट शोधली नाही. तिचे पायच पुढं होत गेले. कुठं वळायचं, कुठला धोंडा डाव्या हाताला ठेवायचा, हे तिला आठवत नव्हतं आणि तरी ती चुकत नव्हती. मागं मुलांची रांग, त्यांच्यामागं धोतराचा सोगा सावरत भिमाजी. चढता चढता धुकं पातळ झालं आणि एकदम सगळे उजेडात आले. वर मोकळं माळरान, वाऱ्यानं एका अंगावर निजलेलं गवत, मधूनमधून तरवडाची पिवळी फुलं. खाली सगळा देश दुधासारख्या धुक्यात बुडालेला. राजुरी नाही, सडक नाही, उसाचे फड नाहीत.

मुलं गोल करून बसली. आता मार्गदर्शकानं स्थळाची ओळख करून द्यायची असते, तसं पुस्तकात होतं, आणि ते अश्विनीनंच त्यांना शिकवलं होतं. ती उभी राहिली. शिकवलेलं एकही वाक्य तिला आठवेना. वारा कानाशी गुणगुणत होता.

"इथं आमचं घर व्हतं," ती म्हणाली आणि दचकली. शाळेत ती कधी 'व्हतं' म्हणाली नव्हती.

मुलांनी इकडंतिकडं पाहिलं. गवताशिवाय तिथं काही नव्हतं. कुणी हसलं नाही.

मग ती सांगत गेली. पाल कसं उभं राहायचं, मेंढरं रात्री गोल करून बसली की ऊब कशी यायची, दिवाळीच्या दिव्यांनंतर कळप घाट कसा उतरायचा. वडील प्रत्येक मेंढीला आवाजावरून ओळखायचे आणि तिला मात्र दोन्ही भावांच्या नावानं हाका मारून मग तिच्या नावावर यायचे. मुलं हसली. ती घोड्यावरच झोपायची, आणि जागी व्हायची तेव्हा दुसरंच गाव समोर असायचं.

"मला वाटायचं, आमी जागेवरच हाओत आन गावंच चालत येत्यात आमच्याकडं," ती म्हणाली. "एकेक गाव यायचं, ऱ्हायचं, निघून जायचं."

अश्विनीला वाटलं, आता संपलं. उद्या गावभर होईल, की पर्यटनाची मॅडम म्हणजे मेंढक्याची पोर. पण तिला त्याचं काही वाटेना. आतलं काहीतरी सैल होऊन वाऱ्यावर सुटलं होतं.

भिमाजी जरा बाजूला दगडावर बसले होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

"तुज्या बापाचं नाव काय, पोरी?" त्यांनी विचारलं.

"यमाजी."

म्हातारा खाली धुक्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "यमाजीची मेंढरं माज्या वावरात बसायची. दर साली. खत लई चांगलं पडायचं. माजी आई जोंधळं द्यायची तुमास्नी. संगट एक बारकी पोर असायची, घोड्यावर."

"मीच ती."

"तुला मी कधी जागी पायलीच न्हाई," भिमाजी म्हणाले. "म्हणून वळख लागंना."

आरोही आजोबांकडं आणि मॅडमकडं आळीपाळीनं बघत होती. भिमाजी पुढं म्हणाले, की एका वर्षी यमाजी आलाच नाही. आई दिवाळीनंतर महिनाभर बांधावर जाऊन बघायची, जोंधळ्याची पाटी भरून ठेवलेली. अश्विनीनं सांगितलं, की त्या वर्षी तिला वसतिगृहात घातलं आणि वडिलांनी निम्मा कळप विकला. मग ती वाटच मोडली. भिमाजींनी मान हलवली. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, की आपलंच काही चुकलं असेल, मानपानात काही कमी पडलं असेल. तसं काही नव्हतं हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरची एक जुनी घडी उलगडली.

उतरताना म्हातारा तिच्या बरोबरीनं चालत होता. विषयाबद्दल, नियमाबद्दल तो काही बोलला नाही. फक्त आई नेमकी कुठं बसायची, बाभळीच्या अलीकडं की पलीकडं, यावर तो वाटभर स्वतःशी वाद घालत होता.

पुढच्या सभेत भिमाजींनी भाषण केलं नाही. आरोहीनं विषय ठेवला आणि तिच्या पाठोपाठ आणखी मुली आल्या, एवढंच झालं. विषय राजुरीतच राहिला. त्या रविवारी अश्विनी पठारावर माहेरी गेली. यमाजी आता थकले होते, थोडी मेंढरं होती ती भाऊ दत्ता बघायचा. क्षेत्रभेटीची हकीकत तिनं वडिलांना सांगितली. भिमाजींच्या आईचं नाव काढल्यावर ते म्हणाले, "सरूबाई. हाताची लई मोठी बाई," आणि मग विचारलं, की पोरं चढताना दमली तर नाहीत ना.

सगळंच काही सुरळीत झालं असं नाही. मार्चअखेर एजन्सीचा करार संपला. शाळा उघडली तरी नवी ऑर्डर आली नाही, आणि अश्विनी आळेफाट्याच्या खोलीत घरीच बसून राहिली. व्यवसाय शिकवणाऱ्या मंडळींच्या मोबाइल ग्रुपवर रोज नवी आशा यायची: या अधिवेशनात कायदा होईल, आपला विषय कायमचा होईल, आपणही होऊ. गोरख तिला म्हणायचा, मुंबईवरून ट्रक येतात, कायदाही कधीतरी येईल. दुपारी ती पलंगावर पडून छताकडं बघे, आणि तिला वाटे, वर्ग चालत येतोय आपल्याकडं, राहतोय, निघून जातोय. शाळेत मात्र मुख्याध्यापकांनी तिचा तास वेळापत्रकातून काढला नव्हता. दहावीत गेलेली आरोही त्या तासाला नववीच्या मुलींना घेऊन बसायची. पुस्तक तिला पाठच होतं. गणपतीच्या सुमाराला ऑर्डर आली आणि अश्विनी पुन्हा शाळेत गेली. ती वर्गात शिरली तेव्हा मुली उठून उभ्या राहिल्या आणि आरोहीनं खडू तिच्या हातात दिला.

कायद्याचं काय झालं, तर अजून बोलणीच चालू आहेत. अश्विनी वाट बघते आणि शिकवते.

त्या हिवाळ्यात पुण्याची काही मंडळी पठार बघायला आली. शाळेनं त्यांना मुलींचा गट सोबत दिला. आरोही पुढं चालत होती, आवाज जरा कापत होता, पण चढ संपता संपता तो ठीक झाला. ओढ्याबद्दल तिनं एक-दोन गोष्टी स्वतःच्या मनाच्या घुसडल्या. अश्विनीनं दुरुस्त केलं नाही. ती मागं राहिली आणि पाहुण्यांच्या घोळक्यातच एका धोंड्यावर टेकली. ऊन कोवळं होतं. गवताला वाळत आल्याचा गोडसर वास सुटला होता.

शेजारी एक पुण्याच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाल्या, "किती छान सांगते नाही ही मुलगी? तुम्ही कुठून आलात बघायला?"

अश्विनी दोन घोट पाणी प्यायली. मग सरकून धोंड्यावर त्या बाईंना जागा करून दिली आणि म्हणाली, "इथूनच, जवळून," आणि दोघी आरोहीचं ऐकू लागल्या.