पांढऱ्या कापडाचे दिवस

माझ्या धाकट्या नणंदेला सत्तरीतही सगळे बेबीच म्हणतात. तिने लग्न केलं नाही, शिलाई केली. दवाखान्यांचे कोट, हॉटेलांचे सदरे, सगळं पांढरं काम तिच्याकडे यायचं, कारण तिच्या हातून कापडाला कधी डाग लागत नसे.

कान दुखतो म्हणून ती आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली, तेव्हा मी सोबत होते. त्यांनी सवयीने तिचं मनगट धरलं आणि सोडेचनात.

"डॉक्टर, कान वर आहे," बेबी म्हणाली.

ते हसले नाहीत. छातीला तारा लावून त्यांनी ईसीजी काढला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडली होती.

"तिथे रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली, तर अर्धं अंग लुळं पडू शकतं. रक्त पातळ ठेवायची ही गोळी सकाळ-संध्याकाळ घ्यायची. एकही चुकवायची नाही."



पुढे एका दुपारी तिच्याकडे गेले, तर गोळ्या जास्तच उरलेल्या दिसल्या.

"अगं, या शिल्लक कशा?"

"सुई टोचली की रक्त थांबत नाही, वहिनी. परवा एक कॉलर वाया गेली. म्हणून पांढरं कापड असलं की गोळी घेत नाही, रंगीत असलं की घेते."

"जिवापेक्षा कोट मोठा का?"

"झालं तुमचं सुरू..." म्हणता म्हणता तिच्या हातातून कात्री पडली. उचलायला गेली, तर बोटं मिटेनात. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला. ती मला काहीतरी सांगू लागली, पण त्यात एकही शब्द नव्हता.

अँब्युलन्समध्ये मी प्रार्थना सुरू केली आणि मध्येच विसरले. इस्पितळाच्या दारात तिची बोटं हलली. वाचा परत आली. या खेपेला निभावलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. 'या खेपेला' हे शब्द माझ्या मनातून जात नाहीत.

आमच्या डॉक्टरांनी नंतर तिला विचारलं, "गोळी चुकवण्याआधी मला का नाही विचारलंत?"

"कापडाचं तुम्हाला काय विचारायचं?"

आता ती गोळी चुकवत नाही. परवा दवाखान्याचा माणूस कोटांचं गाठोडं घेऊन आला.

"पांढरं घेत नाही," बेबी म्हणाली.

"का हो?"

"डोळे गेले."

आणि त्याच्यासमोरच, चष्म्याशिवाय, तिने सुईत दोरा ओवायला घेतला. पहिल्या खेपेला तो हुकला. मी तिच्या ओठांच्या कोपऱ्याकडे बघत राहिले.