पाण्याखालच्या गावाची माती

कोरेगाव तालुक्यातल्या आपल्या सासरच्या गावी विजयमाला बालवाडी चालवायची. मुलांना द्यायला रंगपेट्या नसायच्या, म्हणून तिनं पानं, बिया, माती असलं काहीबाही पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवायला शिकवलं, आणि शिकवता शिकवता तिलाच त्याचा नाद लागला. मुलं घरी गेली की ती एकटीच बसून काळ्या मातीचे डोंगर आणि बाभळीच्या सालीचे बांध करायची. नवरा आकाराम पलटणीतून निवृत्त होऊन आलेला. तो कौतुकानं म्हणायचा, "आमच्या साहेबाच्या बंगल्यात बी असलं चित्र न्हवतं."

माहेरच्या गावाचं चित्र मात्र तिनं कधी केलं नव्हतं. महाबळेश्वरच्या पायथ्याचं ते गाव चार वर्षांपूर्वी धरणात गेलं. वडील केरबा आता तासगावकडच्या धरणग्रस्तांच्या वसाहतीत, तिचा भाऊ सयाजी याच्याकडे राहायचे. समोर उघडा माळ. एक डोंगर दिसायचा नाही. ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि काही विचारलं तर "बरं हाय" एवढंच बोलायचे.

शहाण्णवच्या मे महिन्यात आकारामनं बातमी आणली. "धरण लय खाली गेलंय. तुजं गाव उघडं पडलंय म्हणं. जायचं का?"

दोघं गेली. भेगाळलेल्या गाळातून चालताना विजयमालाला काही ओळखू येईना. शेवटी घराचं जोतं सापडलं, तेही उंबऱ्याच्या दगडावरून. ती पदर खोचून कामाला लागली. जोत्याची तांबडी माती घेतली, नदीचा राखाडी गाळ घेतला. पाणी जिथवर कधीच चढलं नव्हतं त्या उतारावरून कारवीच्या वाळक्या काड्या आणि झाडांच्या खोडांवरचं दगडफूल आणलं. पिशव्या आकारामनं वाहिल्या.

चहाच्या पेटीच्या प्लायवूडवर महिनाभर तिचा हात चालला. दगडफुलाचं रान झालं, कारवीच्या काड्यांची घरं झाली, गाळाची नदी आणि ओढा वाहिला. मग चादरीत गुंडाळून एसटीनं ते चित्र तासगावला नेलं.

केरबांनी भिंतीकडचं तोंड चित्राकडे वळवलं. मग त्यांनी बोट टेकवलं.

"वढा हितनं न्हाई गं. देवळाच्या मागनं जायचा."

महिनाभराची मेहनत, आणि पहिला शब्द चूक दाखवणारा! तिला वाईट वाटलं. पण केरबा थांबेनात. "आन् फणस कुटं हाय? गुंडाच्या दारातला?"

शेजारचा गुंडा आपलं नाव ऐकून आलाच. चित्र बघून म्हणाला, "आवं आबा, वढा म्होरनंच जायचा. पुरानं सरकला की त्यो!"

"तू तवा रांगत हुतास!"

दोघांची जुंपली. भांडण ऐकून आळी गोळा झाली. कुणी आपलं घर शोधत होतं, कुणी विहीर. म्हातारी दगडाबाई चित्राजवळ वाकली आणि तिनं नुसता वास घेतला. सयाजी दारात थक्क होऊन उभा होता. चार वर्षांत वडील एवढं बोललेले त्यानं ऐकलं नव्हतं.

विजयमालानं ओल्या फडक्यानं डिंक भिजवला, ओढा खरवडून काढला आणि केरबांना विचारलं, "सांगा आबा, कुठनं नेऊ?"

आठवडाभर ती तिथंच राहिली. रोज एकेक घर वाढत गेलं. शेवटी चित्र वसाहतीच्या समाजमंदिरात लागलं. मग त्याच खोऱ्यातल्या दुसऱ्या बुडालेल्या गावची माणसं आली. "ताई, आमचं बी करा की."

पुढच्या मे महिन्यात पाणी उतरलं तेव्हा त्या गावची माती आणायला केरबाही हट्टानं बरोबर निघाले. गाळाच्या कडेला पोचल्यावर काठी टेकत तेच पुढं झाले. "थांबा," ते म्हणाले, "आदी मी दावतो, कंची माती कुटली त्ये."