टेबलाचे कापलेले पाय

माझे बाबा घड्याळजी. दुसऱ्याच्या घड्याळात अडकलेला कचरा त्यांना पाच मिनिटांत सापडतो, पण स्वतःच्या पाठीत काय अडकलंय याचा पत्ता त्यांनी चार वर्षं कुणाला लागू दिला नाही. दुखणं अंगावर काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. दिवसभर मान खाली घालून काम करायचं आणि घरी आलं की दाराच्या चौकटीला पाठ घासत उभं राहायचं.

"अहो, चौकटीचा रंग गेला," आई म्हणायची.

"जुनाच होता," बाबा म्हणायचे.

मागच्या महिन्यात मात्र झाकता येईना. एका आजींचं मनगटी घड्याळ उघडलेलं असताना पाठीत खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मधोमध अशी कळ आली, की चिमटा सुटला आणि आतली केसासारखी स्प्रिंग वाकली. त्यांनी ती सरळ केली, घड्याळ चालूही झालं, पण जेवताना म्हणाले, "महिनाभर बघतो. हे दुखणं नाही थांबलं तर दुकान बंद. लोकांच्या वस्तू बिघडवायला बसलेलो नाही मी."

मला भीती वाटली. दुकानाशिवाय बाबा कसे असतात, हे आमच्या घरात कुणी पाहिलेलंच नाही.

मी त्यांना जवळजवळ ओढतच फिजिओथेरपीच्या बाईंकडे नेलं. बाबा निदान बरोबर घेऊनच आले होते. "मणके झिजलेत. जुन्या यंत्राचे दाते झिजतात, तसंच."

बाईंनी मान वळवून पाहिली, हात वर करायला लावले, पाठ दाबून पाहिली. "काका, वयाप्रमाणे थोडी झीज असेलही, पण हे दुखणं स्नायूंचं वाटतंय. डोकं चार-पाच किलोचं असतं. तुम्ही ते दिवसभर पुढे झुकवता आणि मागचे स्नायू बिचारे ते धरून बसतात. त्यांना जरा सुट्टी द्या."

मग त्यांनी व्यायाम दाखवले. खांद्याचे फरे मागे एकमेकांजवळ आणून पाच आकडे मोजायचे. भिंतीला पाठ टेकून हात वर सरकवायचे. रात्री गरम पाण्याची पिशवी. आणि दर अर्ध्या तासाने खुर्ची सोडायची. हाताला मुंग्या आल्या किंवा जोर कमी वाटला, तर मात्र लगेच डॉक्टर गाठायचा.

"कामाची जागा कशी आहे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"उत्तम," बाबा म्हणाले.

अर्ध्या तासाचं त्यांनी फारच मनावर घेतलं. भिंतीवरच्या घड्याळाचा टोल पडला, की समोर गिऱ्हाईक बोलत असलं तरी बाबा उठून खांदे मागे ओढत उभे. रोज पेपर वाचायला येणारे एक निवृत्त मास्तर आता त्यांच्यासोबत उठतात. पंधरा दिवसांत निम्मं दुखणं गेलं. उरलेलं निम्मं मात्र हलेना.

तेव्हा त्यांचा डबा घेऊन निघालेल्या आईबरोबर मी दुकानात गेले आणि ते काम करताना बाजूला बसून पाहिलं. घड्याळजीचं टेबल छातीशी येतं, हे त्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. बाबांचं टेबल पोटाशी होतं. मी खाली वाकले. चारही पाय टोकाला करवतीने कापलेले होते.

"बाबा, हे कुणी कापलं?"

बाबांनी डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळात बघायला लागले.

"यांनीच," आई म्हणाली. "तू चार वर्षांची होतीस. मी नोकरीला जायचे, तू दिवसभर इथे. टेबलावरच्या घड्याळांची चाकं फिरताना दिसत नाहीत म्हणून भोकाड पसरायचीस. एक दिवस हे करवत घेऊन बसले."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. इतके दिवस मी त्यांच्या हट्टीपणाला बोल लावत होते.

"मग पुन्हा वाढवलं का नाही?" मी विचारलं.

"सवय झाली," बाबा म्हणाले. "आणि शाळा सुटली की तू यायचीसच."

त्यांनी सगळ्यांत खालचा खण ओढला. घड्याळजी काढलेला भाग कधी टाकत नाही. कुठला कुठून निघाला ते लिहून ठेवतो. खणात लाकडाचे वीतभर लांबीचे चार तुकडे होते. डावा पुढचा, उजवा मागचा, प्रत्येकावर चिठ्ठी. आणि चारही चिठ्ठ्यांवर खाली एकच ओळ: "मुलगी उंच झाली की परत लावणे."

दुसऱ्या दिवशी सुताराने ते तुकडे पट्ट्या मारून पक्के बसवले. महिना उलटून गेला, दुकान बंद करायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. पहिल्यांदा त्या टेबलाशी बसले तेव्हा बाबांची पाठ सरळ होती. त्यांनी भिंग काढून माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"झालीस की," ते म्हणाले आणि कामाला लागले.