डबे पुरलेला तुकडा

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, गावाबाहेरचा तो मुरमाड तुकडा आजी विकत का नाही? माझ्यामागे तो तुमच्या नावावर येईल, म्हणून आताच सांगते.

सत्तरच्या दशकात आपलं दुकान मंगरूळपीरला होतं. आधी नुसतं बियाणं, मग कपाशीवर फवारायची औषधंही आली. औषध सुटं विकायचं आणि रिकामा डबा गिऱ्हाइकाला फुकट द्यायचा, ही तुमच्या पणजोबांची रीत. लोक त्यात रॉकेल ठेवत, पिण्याचं पाणीसुद्धा.

डब्यावरचं इंग्रजी घरात मलाच वाचता यायचं. रिकामा डबा फोडून, वस्ती आणि पाण्यापासून दूर पुरावा, असा सरकारी नियमच होता. मामंजींना सांगितलं तर म्हणाले, "सरकार का इथं डबे पाहाले येते?"

एकदा इंझोरीची एक नेहमीची गिऱ्हाईक बाई डबा मागायला आली. मी तिच्यासमोरच डब्याच्या बुडात खिळा ठोकला.

"काहून फोडून राह्यली व बाई? राखेनं घासतो ना मी!"

"राखेनं जहर जात नाही. लेकरं पितील त्यातून."

"मंग वावरात पानी कायच्यात नेऊ? तुह्या पदरात?"

दुकानातली माणसं हसली. "सूनबाई, गिऱ्हाईक तोडता काय?" मामंजी म्हणाले. मी दुसरा डबा पुढे ओढला.

सासूबाई मागच्या दारी पाणी गाळत होत्या. बारीकसा जीवही मरू नये म्हणून आपल्या घरात न गाळलेलं पाणी कुणी पीत नसे. त्या ओलं फडकं हातात घेऊनच पुढे आल्या.

"या फडक्यानं जहर गाळून निघते का?" त्यांनी मामंजींना विचारलं.

सासूबाईंनी आतून गोडेतेलाचा रिकामा डबा आणून बाईच्या हातात दिला.

"हे आधीच नाही का देता आलं, माय!" म्हणत ती गेली.

त्यानंतर मागेल त्याला तेलाचा डबा मिळू लागला. औषधाचे डबे मी फोडायची आणि गडी ते त्या मुरमाड तुकड्यात पुरायचा. शेजारचे दुकानदार त्याला डब्यांचं मसण म्हणत. म्हणू देत.

पुरलेलं जहर जमिनीत टिकून राहतं, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. दलाल तिथे बोअर घेऊन प्लॉट पाडायचे म्हणतो. मी नाही म्हणाले. तुम्हीही नाहीच म्हणा. तुकडा अजून आपलाच आहे, आणि डबे त्याच्या पोटात आहेत.