लिफ्टमामाचे रिकामे फुगे

थोरलीची आई म्हणायची, "दगडाला पाझर फुटेल, पण या पोरीच्या तोंडाला शब्द फुटायचा नाही." आणि धाकट्याच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की शेजारीसुद्धा खिडक्या लावून घ्यायचे. एका घरात दोन मुलं, पण वाढताना माप असं चुकलं होतं की बहिणीच्या वाटणीचे शब्दही भावाच्याच ताटात पडले होते.

दोघांचं एकमत व्हायचं ते फक्त झपाटरावांच्या बाबतीत. झपाटराव म्हणजे कोपऱ्यावरच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानात टांगलेल्या चित्रकथांचे नायक. दिवसा वीज कार्यालयात कारकून, संध्याकाळी आकाशात. परदेशी वीर एका हाताने ग्रह उचलायचे, खुशाल उचलोत. आपले झपाटराव गच्चीवरून झेप घेण्याआधी गॅस बंद केलाय का ते खाली जाऊन बघून यायचे. आईला घाबरायचे. साहेबांनाही घाबरायचे. छपाई इतकी दिव्य की त्यांचे ओठ कधी गालावर, तर कधी हनुवटीखाली. त्यांच्या जोडीला पाताळबाई होत्या. त्या जमिनीत शिरायच्या आणि दर वेळी भलत्याच स्वयंपाकघरात बाहेर यायच्या. दुकानाच्या पायरीवर बसून दोघं भावंडं एकाच अंकात डोकी घालायची. पान उलटायचा मान थोरलीचा, कारण ती चित्रं सावकाश बघायची.

मग एक दिवस अंक यायचे थांबले. झपाटराव विजेच्या तारेला लोंबकळत राहिले ते राहिलेच. दुकानदार म्हणाला, "बंद पडलं रे बाळांनो ते. आता तुम्हीच काढा काय काढायचं ते."

तो आपला बोलायचं म्हणून बोलला असणार. पण थोरलीने ते मनावर घेतलं आणि लिफ्टमामा जन्माला आले. खाकी सदरा, पोट थोडं सुटलेलं, खिशाला पेन. जिथे लिफ्ट नाही तिथे त्यांची लिफ्ट यायची. भिंत असो, डोंगर असो, विहीर असो, दार उघडायचं आणि मामा विचारायचे, "कुठला मजला?" त्यांचा वैरी जिनासूर. तो इमारतींचे जिने गिळायचा आणि माणसांना वर अडकवून ठेवायचा. ही मुलं राहायची त्या इमारतीला लिफ्ट नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

कामाची वाटणी पहिल्या पानापासून पक्की होती. थोरली सगळी चित्रं काढायची, बोलण्याचे फुगे मोकळे सोडायची, आणि गोष्ट काय आहे हे धाकट्याला सांगायची नाही. तो काही न विचारता फुगे भरायचा. गंमत सगळी तिथेच होती. थोरलीने जीव ओतून पूल कोसळताना काढावा, जिनासुराच्या डोळ्यांतून आग काढावी आणि धाकट्याने त्याच्या फुग्यात लिहावं, "आई गं, डबा घरीच राहिला!" मामांनी उत्तर द्यावं, "माझ्यातली अर्धी पोळी घे, मग मारामारी करू." ते वाचून थोरली खुर्चीवरून घसरून टेबलाखाली जायची. एरवी मुक्या असलेल्या त्या मुलीचं हसू मग तीन घरं ऐकायची.

मोठेपणी थोरली चष्म्याच्या दुकानात लागली. पुढच्या बाजूला मालक गोड बोलून फ्रेमा विकायचा. मागच्या खोलीत ही चाकावर काच घासून फ्रेमच्या आकाराची करायची. काच बोलत नाही, म्हणून काम तिच्या स्वभावाला मानवलं. धाकटा शिकायला परदेशी गेला आणि तिकडचाच झाला. सुरुवातीला ती पानं टपालाने पाठवायची, तो फुगे भरून परत पाठवायचा. पाकीट आलं की ती ते दुकानात फोडायची आणि मालक पुढून ओरडायचा, "बाई, गिऱ्हाईक घाबरतंय, हळू हसा!" हळूहळू पाकिटं विरळ झाली. मग त्याने कळवलं, टपाल कशाला, फोटोच टाक मोबाईलवर. तिने टाकले. उत्तरात एक अंगठा आला. दुसऱ्या खेपेलाही अंगठाच. इतक्या स्वस्तात झपाटरावांच्या कार्यालयातला शिपाईसुद्धा सुटला नसता.

तिने पाठवणं बंद केलं. काढणं मात्र नाही. जेवणाच्या सुट्टीत, चाकाशेजारी काचेची भुकटी झटकून, ती एक-एक पान काढायची आणि फुगे मोकळे सोडायची. जिनासुराचे फुगे जरा मोठेच, कारण धाकटा त्याला फार बडबड करायला लावायचा. पानांची चळत कपाटाच्या वरच्या कप्प्यात मावेना, तेव्हा साड्या खाली आल्या.

तिचा नवरा शाळेची बस चालवायचा. साधा, मनमोकळा माणूस. तो म्हणायचा, "अगं, तूच लिही की. दोन-दोन शब्द तर आहेत."

"ते माझं काम नाही," ती म्हणायची, आणि विषय संपायचा.

लोक म्हणतील, हट्टी होती. होतीच. पण आपल्या हाताने एक फुगा भरला की धाकटा आता भरणार नाही हे कबूल केल्यासारखं होणार होतं, आणि तेवढं कबूल करायला तिचं मन धजत नव्हतं. तिला गोष्ट पुरी व्हायला नको होती. तिला तो टेबलाच्या पलीकडे बसलेला हवा होता.

आणि एकदाचा तो आला. ऑफिसच्या कामाने, धावतपळत. एक दुपार बहिणीकडे, तिथूनच विमानतळ. थोरलीने आदल्या दिवशीच टेबल पुसून ठेवलं, पेन्सिलीला टोक काढलं, पलीकडे खुर्ची मांडली.

तो चांगला जाडजूड, टापटीप झाला होता. तिने पाण्याचा ग्लास दिला तर म्हणाला, "थँक्यू." लहानपणी हाच तिच्या हातातला ग्लास हिसकावून प्यायचा आणि वर म्हणायचा, पाणी कोमट आहे. जेवतानाही तो सगळ्याला छान म्हणाला, भावोजींच्या बसची चौकशी केली, मध्ये कुणाला तोडलं नाही. नवरा खूश. थोरली मात्र वाट बघत होती, आता कुणाची टोपी उडवेल, आता खोडी काढेल.

जेवण झाल्यावर तिने चळत आणून पुढ्यात ठेवली.

"बाप रे! हे सगळं लिफ्टमामा? तू थांबलीच नाहीस?"

त्याने बैठक मारली आणि एक पान न गाळता सगळं वाचलं. मध्येच चष्मा काढून डोळे पुसले. शेवटचं पान आलं. जिनासुराने सगळे जिने गिळलेत, सर्वात वरच्या मजल्यावर एक म्हातारी खिडकीपाशी बसून आहे, आणि तिच्यामागच्या भिंतीत लिफ्टचं दार उघडलंय. दोन फुगे, एक मामांचा, एक म्हातारीचा.

"ताई, हे जबरदस्त आहे," तो म्हणाला. "यात एक शब्दही घालू नकोस. सगळं समजतंय! तिकडे अशा मुक्या चित्रकथांना फार मान आहे. माझ्या ओळखीचा एक प्रकाशक आहे, त्याला दाखवतो. फक्त हे फुगे पुसून टाक."

नवऱ्याने मांडीवर थाप मारली. "बघ! मी म्हणत नव्हतो?" तो असं काहीच म्हणत नव्हता, पण आनंदाच्या भरात माणूस बोलून जातो.

थोरली पानांकडे बघत राहिली. एवढं कौतुक तिचं आजवर कुणी केलं नव्हतं, आणि एवढं एकटंही तिला कधी वाटलं नव्हतं.

"एक तरी लिही ना रे," ती म्हणाली.

"अगं, बिघडेल."

"बिघडू दे."

त्याने पेन्सिल घेतली. मामांच्या फुग्यावर हात नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. ज्या पोराच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही, त्याला चार शब्द सुचेनात. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला तेव्हा त्याने घाईघाईने लिहिलं, 'घाबरू नका आजी, मी आलोय.'

शब्द चित्राला अगदी साजेसे होते. म्हणजे चित्र जे सांगत होतं तेच त्यांनी पुन्हा सांगितलं. असले शब्द तर नवऱ्यानेही लिहिले असते.

"छान," थोरली म्हणाली.

धाकटा उठला. बॅग घेतली, भावोजींना नमस्कार केला. तो बूट घालायला वाकला तेव्हा थोरलीने पेन्सिल उचलली आणि जन्मात पहिल्यांदा एक फुगा भरला, म्हातारीचा. मग पान त्याच्यासमोर धरलं.

'फार उशीर केलास रे,' असं तिने लिहिलं होतं.

धाकट्याने वाचलं. एक बूट पायात, एक हातात. पुन्हा हॉर्न वाजला. नवरा खिडकीतून ओरडला, "आलो आलो, दोन मिनिटं!" धाकट्याने बूट खाली ठेवला, पान भिंतीला टेकवलं आणि आपल्याच ओळीखाली, उरलेल्या जागेत, लहानपणीच्या तिरक्या अक्षरात लिहिलं, 'हो गं, ताई.'

मग तो गेला, नवरा त्याला टॅक्सीपर्यंत सोडायला खाली उतरला. पानं त्याच्याकडे द्यायची राहूनच गेली.

टॅक्सी वळणाआड गेल्यावर नवरा वर आला. टेबलावरचं पान त्याने उलटसुलट पाहिलं. "हे काय गं? आधी आजी म्हणतो, मग ताई म्हणतो. चुकलंय त्याचं." त्याने खोडरबर शोधायला सुरुवात केली. "पुसून टाकू का?"

थोरली खिडकीतच उभी होती. तिथूनच म्हणाली, "हात लावाल तर याद राखा."