बनाबाईंचा आग्रह

शिरोली एमआयडीसीच्या पाठीमागच्या रस्त्याला जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. मागच्या वर्षी तिथली घंटा फुटली आणि नवी यायला पाच महिने लागले, पण तेवढ्या दिवसांत जेवणाची सुट्टी एकदाही चुकली नाही. साडेबारा झाले की बनाबाई स्वयंपाकखोलीच्या दारात येऊन "चला रं" एवढेच म्हणायच्या. पोरे तर धावायचीच, पण भिंतीपलीकडच्या वर्कशॉपमधले कामगारही हात धुवायला उठायचे.

हा आवाज त्यांनी माहेराहून आणलेला. माहेर गारगोटीच्या पुढे, डोंगरात. घर एका उतारावर, शेत समोरच्या उतारावर, आणि मध्ये ओढा. भाकरी झाल्या की आईने इकडून हाक मारायची, बापाने तिकडून ओ द्यायची. हळू बोलणारे माणूस त्या घरात उपाशीच राहिले असते. लग्न होऊन शिरोलीला आल्या तेव्हा समोर ओढा नव्हता, शेजाऱ्याची भिंत होती. आवाज मात्र तोच राहिला. नवरा आकाराम फौंड्रीत भट्टीवर कामाला. तिथल्या धडधडीत त्याचे कान निम्मे गेलेले, त्यामुळे दोघांचा संसार दृष्ट लागण्यासारखा झाला.

शाळेत पोषण आहार शिजवायला लागून त्यांना सोळा वर्षे झाली. पोरे एकशे दहा. कुणाचा कुणाशी अबोला आहे, कोण घरचे भांडण पोटात घेऊन आले आहे, हे त्यांना ताटावरून कळे. मुख्याध्यापिका श्यामलाबाई रोज कोल्हापुरातून मोपेडवर येत. एखाद्या पोराचे बिनसलेले दिसले की त्या आधी बनाबाईंना गाठत, मग वर्गशिक्षकांना. भांडलेल्या दोघांवर बनाबाईंचे औषध ठरलेले होते. दोघांना पंगतीत शेजारी बसवायचे आणि दोघांत मिळून पाण्याचा एकच तांब्या ठेवायचा. आमटी तिखट असायची, म्हणजे दुसऱ्या घासाला तांब्या मागावाच लागे, आणि मागायचा तर बोलावेच लागे. त्या दिवशी आमटीत चटणी जरा सढळ पडते हे श्यामलाबाईंना ठाऊक होते, पण त्या काही बोलत नसत.

आणि आग्रह! आपल्याकडे पहिला नकार कुणी खरा धरतो का? पावण्याने नको म्हणायचे, वाढणाऱ्याने ऐकायचे नाही, असा हा रिवाज. लग्नाच्या पंगतीत तर आडवा हात बाजूला सारून ताटात लाडू टाकतात, आणि नाही टाकला तर तोच पावणा पुढची चार वर्षे ते बोलून दाखवतो. माझ्या पंगतीतून लेकरू अर्धपोटी उठले नाही, हा बनाबाईंचा अभिमान होता. आता गर्वाचे घर कुठे असते हे काय सांगायला पाहिजे?

जूनमध्ये दुसरीत मोना आली. बाप बिहारचा, जवळच्याच एका फौंड्रीत लागलेला. सात वर्षांची काडीसारखी पोरगी. पंगतीच्या टोकाला बसायची, खाली मान घालून चार घास खायची आणि ताट धुऊन निघून जायची. बनाबाई हट्टाला पेटल्या. हिला पोटभर जेवायला लावीन तरच नावाची बनाबाई. "ए मोने, खा की गं! वाऱ्यानं उडून जाशील!" असे रोज सुरू झाले. पोरीला मराठी कळत नाही म्हणून त्या आणखी मोठ्याने बोलायच्या. जणू भाषा कळण्याची अडचण कानात होती.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी त्या आमटीची पळी घेऊन मोनासमोर आल्या. मोनाने ताटावर हात आडवा धरला. बनाबाईंनी सवयीने बोटांच्या फटीतून वाढायला पळी कलती केली आणि ऊन आमटी पोरीच्या बोटांवर गेली. "हात काढ की गं, येडी हाईस काय?" त्या ओरडल्या त्या स्वतःच्याच भीतीने. लगेच तिचा हात गार पाण्यात धरला. फोड आला नाही, नुसती लाली. पण बनाबाई ओरडल्या की हसायचे ही पोरांची जुनी सवय, तशी सगळी पंगत हसली. मोना ताट धुऊन निघून गेली. शुक्रवारी ती शाळेत आली नाही, सोमवारीही नाही.

दहा दिवस झाल्यावर श्यामलाबाई स्वयंपाकखोलीत आल्या आणि पाटावर बसल्या. त्या एकदा मोनाच्या घरी जाऊन आल्या होत्या. आईने पोरीला ताप आहे असे सांगितले, पण पोरगी दारात उभी होती आणि ताप काही दिसत नव्हता. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले, की अशा घरचे मूल एकदा शाळेतून सुटले की धाकट्याला सांभाळायला घरी बसते, मग बापाचे काम दुसऱ्या गावी जाते आणि पोराचे नाव कुठल्याच पटावर राहत नाही. तीन वर्षांत त्यांनी अशी चार मुले गमावली होती. एकेकाचे नाव त्यांना पाठ होते.

"मी आणतो तिला," बनाबाई म्हणाल्या आणि त्याच दिवशी भांडी घासून झाल्यावर निघाल्या.

कामगारांच्या खोल्या शाळेमागेच होत्या. मोनाच्या आईने चहा ठेवला. बनाबाईंची हिंदी म्हणजे मराठीलाच हिंदीचा टिळा लावलेला. "पोरगी को शाळा में कायको नही भेजती?" त्यांनी विचारले, तेही नेहमीच्याच आवाजात. दाराआडची मोना आणखी आत सरकली. आई बराच वेळ ताप, खोकला असे काहीबाही सांगत राहिली. मग चहाची कपबशी पुढे करून, खाली बघत बोलली.

"बोलती है, वहाँ सब हमसे गुस्सा हैं। खाना देने वाली अम्मा सबसे ज्यादा।"

बनाबाईंना आधी हसूच आले. राग? आणि त्यांचा? चहा पिऊन, हसतच त्या बाहेर पडल्या. कोपऱ्यावर येईपर्यंत ते हसू पार ओसरले. अडीच महिने ती पोर आपल्यासमोर बसली होती ती भिऊन. आपण माया म्हणून ओतत होतो ते तिच्या ताटात शिव्या होऊन पडत होते. आणि ज्या दिवशी तिने एकदाच, हात आडवा धरून, काही सांगायचा प्रयत्न केला, त्या दिवशी तिला चटका बसला. बनाबाईंना स्वतःची इतकी लाज वाटली, की ओळखीच्या बाईने हाक मारली तरी त्यांनी मान वर केली नाही.

पण लाजेने घरी बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून हळू बोलायचे ठरवले. घरी आकारामला हळूच "जेवता काय?" म्हणाल्या. त्याला पहिल्यांदा ऐकूच आले नाही, आणि दुसऱ्यांदा ऐकू आले तेव्हा तो घाबरून म्हणाला की डॉक्टरकडे जाऊ या. शाळेत तर त्याहून कठीण. बनाबाई दारात येऊन पुटपुटल्या आणि एकही पोर जागचे हलले नाही. जेवताना पंगत चिडीचूप. चौथीतली राजनंदिनी, दूधवाल्यांची, भांडणात पहिली आणि तांब्याचे औषध सगळ्यांत जास्त वेळा प्यालेली, ताट घेऊन थेट चुलीपाशी आली आणि आमचं काय चुकलं, मावशी बोलत का नाहीत, असे विचारू लागली. तिच्यामागे दहा पोरे, दोन तर रडवेली.

बनाबाईंनी पळी खाली ठेवली. इथे न ओरडावे तर ही पोरे भितात, ओरडावे तर ती पोर भिते. हा गुंता एकटीने सुटणारा नाही हे त्यांना उमगले, आणि त्यांनी पोरांपासून काहीच लपवले नाही. आमटी कशी सांडली, आपण कशा चुकलो, मोनाची आई काय म्हणाली, सगळे सांगितले. मोठ्या माणसाने आपली चूक पोरांसमोर अशी उघड मांडलेली पोरांनी कधी पाहिली नव्हती. हसलो होतो ते त्यांनाही आठवले असावे, कारण एकेकाची मान खाली गेली.

"आमी हसलो, म्हनून बी असंल," राजनंदिनी शेवटी म्हणाली. "मी येतो तुमच्यासंगं."

मग रोज चार वाजता दोघी त्या खोलीवर जायला लागल्या. बनाबाई पायरीवर बसून राहायच्या, तोंडाला कुलूप. त्यांच्या आयुष्यातले सगळ्यांत कष्टाचे काम हेच, शंभर माणसांच्या भाकरी त्यापेक्षा सोप्या. राजनंदिनी अंगणात पाच खडे मांडून एकटीच उडवायची आणि झेलायची. दोन दिवस मोना दारातून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी पुढे आली, खडे हातात घेतले आणि असे झेलले की राजनंदिनी पहिल्याच डावात हरली. हरल्यावर ती सवयीप्रमाणे किंचाळली. मोना झटकन मागे सरली. राजनंदिनीने जीभ चावली, मग खुणा करून आणि टीव्हीवरून उचललेल्या हिंदीत तिला समजावू लागली, की आमच्यात असेच असते, ओरडलो म्हणजे समज की तू आमची, गप्प बसलो तर समज की राग आला. सहाव्या दिवसापर्यंत ही शिकवणी चालली. बनाबाईंनी त्यात एक शब्दही घातला नाही.

सातव्या दिवशी, सोमवारी, मोना राजनंदिनीचा हात धरून शाळेत आली. श्यामलाबाईंनी हजेरीत तिचे नाव जरा जास्तच ठसठशीत घेतले. त्या दिवसापासून पंगतीत नवा नियम झाला: ताटावर हात आडवा आला की पळी थांबायची, मग समोर कुणीही असो. बनाबाईंनी तो स्वतः सांगितला आणि तो मोडण्याचा मोह सर्वांत जास्त त्यांनाच झाला. मोनाने पहिल्या दिवशी हात आडवा धरला. दोनच घास वाढून झाले होते. पळी हवेत थांबली, आणि बनाबाई पुढच्या ताटाकडे गेल्या. अख्खी पंगत बघत होती. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. रात्री त्या आकारामला सांगायच्या की पोर अर्धपोटी उठते आणि मी बघत बसते. तो म्हणायचा, बघ की मग. हळूहळू हात उशिरा आडवा येऊ लागला. चार घास, सहा घास, मग पूर्ण वाटी.

दिवाळीच्या सुट्टीला आठवडा राहिला होता. मोना आता पंगतीच्या मधोमध बसायची, पोरांत बोलायची, मराठी तर राजनंदिनीच्याच तोंडची. बनाबाई आमटी घेऊन ओळीने येत होत्या. नेहमीच्या आवाजात एकाला म्हणाल्या मांडी नीट घाल की, दुसरीला म्हणाल्या भात काय मुंग्यांना ठेवलाईस, आणि मोनासमोर येऊन वाकल्या, आवाज खाली आणला, हळूच विचारले, "वाढू?"

मोनाने ताट पुढे केले नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. डोळे भरलेले.

"मावशी, माजं काय चुकलं?"

बनाबाईंना कळेना. ही बोलली काय, आणि अशी का बोलली?

"समद्यांवर वरडता," मोना म्हणाली. "माज्यावर न्हाय वरडत."

बनाबाईंना पळी भांड्यात ठेवावी लागली. पदराने त्यांनी डोळे पुसले, नाकही पुसले, आणि मोनापुढे दोन महिने छातीत दाबून ठेवलेला तो गारगोटीकडचा आवाज एकदाचा मोकळा सोडला.

"अगं ए मोने! बोलतीस किती आन् खातीस किती! धर ताट!"

मोनाने ताट दोन्ही हातांनी पुढे धरले आणि तेवढ्याच मोठ्याने ओरडून सांगितले, "अर्धीच पळी!"

बनाबाईंनी अर्धीच वाढली.